आभाळाचे पाणी, घरची टाकी

(मृगाच्या आधी वाडीवरच्या सभेत केलेले भाषण)



मृग आठ-दहा दिवसांवर आला आहे. तुमची भाजावळ झाली, घरांची शाकारणी झाली. आता पाऊस आला की तुम्हांला मान वर करायला फुरसत मिळणार नाही. म्हणून आजच आम्ही तुम्हांला भेटायला आलो आहोत. काम एकच आहे. घराशेजारी जी पाण्याची टाकी आहे, तिची ओळख करून घ्यायची.

तुम्ही म्हणाल, टाकीची कसली ओळख? रोज डोळ्यांसमोर तर आहे!

आम्हीही असेच समजत होतो. ती आमची चूक होती. ती चूक कशी कळली, ते आधी सांगतो.

आपल्या कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी होळी झाली की विहिरी तळ गाठतात. जमीन उताराची, खडक जांभ्याचा. पाणी ठरत नाही. ओढ्याने खाडीला जाते. चार महिने पाणीच पाणी, आणि नंतर आयाबहिणींच्या डोक्यावर हंडे.

यावर उपाय जुनाच आहे. पाऊस पडतो तेव्हा साठवावा. मुंबईजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथे भिक्षूंनी खडकात पन्हळी खोदल्या आणि पाणी टाक्यांत उतरवले. अशा टाकीला त्या काळी पोढी म्हणत. रायगडावर कुठली नदी आहे? तरी तिथे गंगासागर तलाव आहे. आपली घरची टाकी म्हणजे याच घराण्यातली धाकटी बहीण.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वाडीवर अशा टाक्या बांधायला मदत केली. दोन वर्षांनी पुन्हा तिकडे गेलो. एप्रिल महिना होता. ऊन मी म्हणत होते. वाटेत एक काकी भेटल्या. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. झऱ्यावर निघाल्या होत्या.

आम्ही विचारले, "काकी, तुमची टाकी संपली का?"

काकी म्हणाल्या, "संपली कुठं? अर्ध्याच्या वर भरलेली आहे."

"मग झऱ्यावर का?"

"वास मारतो दादा त्या पाण्याला. धाकट्या नातवाला जुलाब लागले. तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून ते पाणी तोंडात घेत नाही. भांडी घासायला ठेवलंय."

आम्हांला वाईट वाटले. आम्ही टाकी बांधून दिली होती, पण ती सांभाळायची कशी हे सांगितले नव्हते. गाय दारात बांधली म्हणजे दूध मिळत नाही. तिला वैरण लागते, गोठा झाडावा लागतो. टाकीचेही तसेच आहे.

आम्ही म्हणालो, "काकी, हंडा खाली ठेवा. पाणी ज्या वाटेने येते, त्या वाटेने आपण जाऊन बघू."

पाण्याची वाट छपरापासून सुरू होते. काकींचा मुलगा शिडी लावून वर चढला. कौलांवर आंब्याची पाने, पाखरांची घाण आणि धूळ होती. आठ महिने जे साचते, ते पहिल्या पावसात धुऊन खाली येते. म्हणून पाऊस येण्याआधी छप्पर झाडावे. वर आलेली फांदी तोडावी. छपराला नवा रंग किंवा डांबर लावले असेल, तर त्यावरचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये.

छपराखाली पन्हळ. पन्हळीला टाकीकडे थोडा उतार हवा. काकींची पन्हळ मध्येच झोळीसारखी लोंबली होती. तिथे पाला कुजून काळा चिखल झाला होता. उपाय साधा आहे. दर दोन-तीन फुटांवर आधार द्यावा. एका टोकाला तांब्याभर पाणी ओतून बघावे. ते मध्ये न थांबता दुसऱ्या टोकाला गेले, म्हणजे पन्हळ बरोबर.

पन्हळीतून पाणी नळीत उतरते. टाकीच्या आधी एक उभी नळी खाली सोडलेली असते. तिच्या तळाला फिरकीचे झाकण असते. ही नळी पहिल्या पावसासाठी. पहिले घाण पाणी आधी या नळीत भरते. ती भरली की मागून येणारे स्वच्छ पाणी तिच्यावरून टाकीकडे वळते. झाकणाला एक बारीक भोक ठेवतात. पाऊस थांबला की नळी त्यातून हळूहळू रिकामी होते. मधे दोन-चार दिवस उघडीप पडली, तर पुढच्या पावसाला नळी पुन्हा तयार.

आम्ही विचारले, "काकी, हे झाकण कधी उघडलं होतं?"

काकी म्हणाल्या, "ते उघडायचं असतं, हे कोणी सांगितलं?"

झाकण दोघांनी मिळून फिरवले. आतून गाळ पडला. भोक केव्हाच बुजले होते. नळी कायम भरलेली राहत होती. म्हणजे पहिल्या पावसाची सगळी घाण सरळ टाकीत जात होती. राखण करणाराच झोपला होता!

पुढे गाळणे. एका डब्यात तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी, त्यावर धुतलेली वाळू. पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा काढून धुवावे. पण गाळण्याने पाला आणि माती अडते, रोगजंतू अडत नाहीत. गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, म्हणून ते निर्धोक असते असे नाही.

आता खुद्द टाकी. तिला चार वाटा असतात.

पहिली, पाणी आत येण्याची. ही नळी आतून तळाजवळ न्यावी आणि तिचे तोंड वर वळवावे. वरून धार पडली तर तळाचा गाळ ढवळतो.

दुसरी, पाणी घेण्याची, म्हणजे तोटी. ती तळापासून चार-पाच इंच वर असावी. गाळ खाली राहतो आणि वरचे निवळ पाणी हंड्यात येते.

तिसरी, गाळ काढण्याची. ही अगदी तळाला असते आणि तिला बूच असते. टाकी धुताना ती उघडतात.

चौथी, जादा पाणी बाहेर जाण्याची. ही आत येणाऱ्या नळीपेक्षा बारीक नसावी. नाहीतर जोराच्या पावसात पाणी झाकण उचलून वाहते. जादा पाणी घराच्या पायाशी सोडू नये. विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा करून त्यात जिरवावे.

काकींच्या टाकीत खरा चोर या चौथ्या वाटेने शिरला होता. नळीच्या तोंडाला जाळी नव्हती. आत बॅटरीचा उजेड टाकला, तर पाण्यावर मेलेला उंदीर! काकींनी पदर नाकाला लावला. नातवाचे जुलाब त्याच पाण्याने झाले की आणखी कशाने, हे आम्ही सांगू शकत नाही. पण असले पाणी पिऊन माणूस आजारी पडू शकतो, हे नक्की.

एक हातभर जाळी! तेवढ्यासाठी हजारो लिटर पाणी वाया गेले.

जाळी डासांसाठीही हवी. डेंग्यूचा डास घरच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. झाकण घट्ट बसवावे. आत उजेड गेला नाही तर शेवाळही धरत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. छपराचा उतार मोजू नका. छपराखाली जमीन किती झाकली, ते मोजा. घर 25 फूट लांब आणि 20 फूट रुंद असेल, तर 500 चौरस फूट होतात. म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 4600 लिटर पाणी. सांडलवंड म्हणून पाचवा हिस्सा सोडा. तरी सुमारे 3700 लिटर उरते. म्हणजे 5000 लिटरची टाकी जोराच्या दोन-तीन दिवसांत भरते. पावसाची उणीव नाही. टाकी मात्र एकच आहे, म्हणून ती जपून वापरायची.

पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 8 लिटर धरा. रोजचे 40 लिटर होतात, म्हणजे अडीच-तीन हंडे. होळीपासून पुढे 100 दिवस धरले, तर 4000 लिटर. 5000 लिटरच्या टाकीत हे बसते. पण त्या पाण्याने गुरे धुतली, तर बसत नाही.

म्हणून पावसाळाभर टाकी वापरा. हस्ताचा पाऊस आला की ती काठोकाठ भरून घ्या. मग तोटी बंद. विहीर आटू लागली की तोटी उघडायची.

पिण्याचे पाणी उकळून घेणे सर्वांत चांगले. नाहीतर टीसीएल पावडर वापरावी. चांगल्या पावडरीचे प्रमाण 1000 लिटरला अडीच ग्रॅम असते. 5000 लिटरला साडेबारा ग्रॅम. अंदाजाने टाकू नका. गावच्या जलसुरक्षकाकडून किंवा आरोग्य सेविकेकडून मोजून घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा. चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि एक तास थांबा.

टाकीची नळी नळयोजनेच्या नळीला परस्पर जोडू नका. टाकीतले पाणी उलटे जाऊन साऱ्या गावाच्या पाण्यात मिसळू शकते.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. टाकी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी धुवायची. पण बंद टाकीत एकदम उतरू नका. आतली हवा कोंडलेली असते. अशा टाकीत गुदमरून माणसे मेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलेही मेले आहेत. झाकण उघडून चांगली हवा खेळू द्या. शक्यतो बाहेरूनच लांब दांड्याच्या ब्रशाने घासा. एकट्याने कधीच उतरू नका. आत कोणी पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका. दोराने ओढा आणि माणसे बोलवा.

काकींची टाकी त्याच दिवशी रिकामी केली. पाणी माडांना सोडले. टाकी घासली, जाळी बांधली, पन्हळ सरळ केली. झाकणाचे भोक खिळ्याने मोकळे केले. मग मृग आला.

पुढच्या होळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. काकींनी तांब्या भरून पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी वास घ्या दादा, मग प्या."

वास नव्हता. पाणी गार होते. नातू अंगणात खेळत होता.

टाकीच्या भिंतीवर गेरूने काहीतरी लिहिलेले दिसले. काकी आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती. "टाकी धुतली." खाली तारीख. "झाकण उघडले." खाली पाच तारखा.

मंडळी, तुम्हांलाही आता लिहिता येते. उद्या सकाळी शिडी लावा, छप्पर झाडा, टाकी धुवा. आणि भिंतीवर तारीख लिहा.