खापरखवल्या : मातीआडचा साप

खापरखवल्या हा सह्याद्रीच्या ओलसर मातीत राहणारा, जेमतेम फूटभर लांबीचा बिनविषारी साप आहे. बिनविषारी, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. त्याचे कूळ जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळते. एवढ्याशा भागापुरते कूळ सहज धोक्यात येते: मॉरिशसच्या राउंड बेटावरच्या बोआ सापांचे कूळ तर एकाच देशापुरते. शेळ्या-सशांनी बेट उजाड केले आणि त्यातली एक जात १९७५ नंतर दिसलीच नाही.

अजिंठ्याच्या कोरड्या डोंगरांकडे लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात ते मांडूळ. त्याचे कूळ वेगळे. बोथट शेपटीमुळे खापरखवल्या आणि मांडूळ यांत गफलत होते, पण तोंड दोघांनाही एकच.

खापरखवल्याचे शरीर म्हणजे जुंपलेली बैलगाडी. मानेमागचा भाग हे बैल: तिथले स्नायू प्राणवायू साठवणाऱ्या द्रव्याने लालभडक असतात. १९७८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कार्ल गान्स आणि सहकाऱ्यांनी ही रचना उलगडून दाखवली. कातडीच्या आत कणा वाकतो, अंग फुगून बिळात घट्ट बसते, मग टोकदार डोके पुढे घुसते. पोट, आतडी, पोटातली पिल्ले हा सारा माल मागून ओढला जातो. गुळगुळीत खवले हे गाडीचे वंगण. चढावर चाकामागे धोंडा लावतात, तशी शेपटी: तिच्या खरबरीत ढालीवर माती चिकटते आणि बिळाचे तोंड मागून बुजते. शत्रूपुढे येते ती ही शेपटी, डोके सुरक्षित राहते.

आहार गांडुळांचा. हा साप अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो.

खापरखवल्यांत महाबळेश्वरचे नाव मिरवणारी एक उपजात आहे. एका जातीला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे फिप्सन यांचे नाव १८८८ मध्ये मिळाले. त्याच कुळातल्या, महाराष्ट्र-गोव्याच्या सह्याद्रीतल्या एका काळ्या सापाला २०१६ मध्ये पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव दिले गेले. एवढ्या उशिरा, कारण मातीआडचा प्राणी शोधणार कोण?

तो दिसतो पावसाळ्यात. बिळे भरली की घाटरस्त्यावर येतो, जांभळट काळ्या अंगावर इंद्रधनुष्याची झाक आणि शेपटीशी पिवळा पट्टा घेऊन. तिथे तो चाकाखाली जातो, नाहीतर काठीखाली. पुन्हा सांगायला हवे: त्याला विष नाही. हातात घेतला तरी तो सहसा चावत नाही, बोटाला वेटोळे घालतो. काठीच्या टोकाने पालापाचोळ्यात सरकवून दिला की काही वेळात मातीत दिसेनासा होतो. तो पालापाचोळा मात्र जाळलेला नसावा. गांडुळे त्याच्याखालीच असतात.