पांढरी, काळी आणि वाजणारं यंत्र



मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरलं की बांधावर माणसं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला : "सर, हंडा लागला का?" परवा इथल्याच एका शिवारात, मालकाला विचारून, दोन तास फिरलो. यंत्र भरपूर वाजलं. वरच पडलेला ट्रॅक्टरचा नट, बाटल्यांची बुचं आणि वखराच्या पाशीचा गंजका तुकडा. जमलेली मंडळी हिरमुसून पांगली.

त्यातला पाशीचा तुकडा मी जपून नोंदवला. यंत्राला 'लोखंड वगळ' असं बटण असतं. नाण्यांच्या हौशीपायी ते दाबलं की लोखंड मुकं होतं. पण शेतीचा इतिहास लोखंडातच आहे. विदर्भात माहूरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी हत्यारं निघाली, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ते बटण दाबून तिथे गेलो असतो, तर काय ऐकू आलं असतं?

आपल्या मातीचे स्वभावही यंत्राला शिकवावे लागतात. चकतीतल्या तारेतून बदलता प्रवाह जातो, त्याने जमिनीतल्या धातूत प्रवाह उठतो आणि तो आपल्या कानात वाजतो. नाण्याएवढी वस्तू फार तर वीतभर खोलीपर्यंत. पण आपली काळी माती बेसाल्टची. तिच्यात लोहखनिजाचे कण, म्हणून काहीच नसताना यंत्र कुरकुरतं. उन्हाळ्यात याच काळीला भेगा पडतात, वरची वस्तू सरळ खाली जाते. तेव्हा 'खोल सापडलं म्हणजे जुनं' हा हिशोब इथे चालत नाही.

आणि पांढरी? गावाची जुनी वस्ती जिथे नांदली ती राखेची, शेणाची, पडल्या भिंतींची माती. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती गाड्या भरभरून उपसली. माळवदावर टाकली, खत म्हणून रानात विस्कटली. त्या मातीसोबत नाणी, मणी, खापरंही गेली. म्हणून एखाद्या गटात नाणं वाजलं, तर तिथे वस्ती होती असं लगेच लिहू नका. आधी म्हाताऱ्यांना विचारा, या रानात पांढरीची माती कुठून आणली होती?

कॉलेजात असताना मला एक शिशाचं नाणं सापडलं होतं, एका बाजूला हत्ती. खिशात घातलं आणि घरी आलो. आज त्याबद्दल मला एवढंच सांगता येतं : ओढ्याच्या अलीकडे. दायमाबादचं दुखणं याच जातीचं, फक्त मोठं. १९७४ साली तिथे प्रवरेकाठी झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा, रेडा अशी ६० किलोंहून जास्त वजनाची कांस्यशिल्पं वर आली. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, पण ती शिल्पं आधीच थरातून सुटलेली. त्यांच्या काळावरून वाद झाला तो त्यामुळेच.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर वणव्यानं गवत जळालं आणि १९८४ मध्ये माणसं ओळीनं डिटेक्टर घेऊन चालली. वाजलं की उकरायचं नाही, झेंडी रोवायची. मागून येणारे जागा मोजून मगच वस्तू उचलत. काडतुसांच्या पुंगळ्यांवरचे आघात जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली, हे नकाशावर उमटलं. पुंगळीला मोडीत काय भाव? पण शेकडो झेंड्या एकत्र पाहिल्यावर लढाई दिसली. जिथे झेंडी नाही ती जागाही तेवढीच बोलकी.

अशा नोंदीसाठी आपल्याला ड्रोन मिळाला तर उत्तम. नाही तर मोबाइल, टेप आणि वही पुरे. मोबाइलची जागा काही मीटर चुकते, म्हणून सोबत गट नंबर, बांधापासूनचं आणि विहिरीपासूनचं अंतर लिहायचं. रिकाम्या पट्ट्याही लिहायच्या. खणायचं मात्र नाही. त्याचा परवाना पुरातत्त्व खातं देतं. आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे : दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांत आज चहासुद्धा कटिंगच येतो, पण आकडा तोच.

उद्या सकाळी सातला आपण गढीच्या मागच्या रानात फक्त मोजणी करणार आहोत. मालकानं होकार दिलाय, हरभरा निघालाय. लोखंडी टाचेचे बूट घालून येऊ नका. परवा अर्धा तास मी ज्याचा माग काढत होतो, तो माझाच बूट होता.