कॅलिब्रेशनचा वेळ कुठे जातो?



मोबाइल टॉवरचा ट्रान्समीटर किती शक्ती हवेत सोडतो आहे, हे आधी त्या ट्रान्समीटरला कळावे लागते. अँटेनाकडे जाणाऱ्या वाटेवर कपलर बसवून शक्तीचा लहानसा अंश बाजूला काढतात. पॉवर डिटेक्टरची चिप त्या अंशाचे व्होल्टेज करते आणि ते वाचून फर्मवेअर शक्ती चढवते किंवा उतरवते. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या परिस्थितीत कमाल शक्ती जाहीर आकड्याच्या ±२ डेसिबलच्या आत राहिली पाहिजे. वरच्या बाजूचे २ डेसिबल म्हणजे ५८ टक्के जादा शक्ती. भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आली आहे. डिटेक्टरने खरे आहे त्यापेक्षा कमी वाचले, तर ट्रान्समीटर जास्त सोडतो. जास्त वाचले, तर सेवाक्षेत्राच्या कडेवरच्या फोनला आवाज तुटक येतो.

म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बोर्डाचे कॅलिब्रेशन करावे लागते, आणि उत्पादनाच्या लाइनवर सगळ्यांची घाई असते ती याच टेबलापाशी.

या घाईवर खरा उपाय चिपच्या स्वभावात आहे. लॉगॅरिदमिक डिटेक्टरचे व्होल्टेज शक्तीच्या डेसिबलबरोबर सरळ रेषेत बदलते. या जातीच्या चिपांना ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीत आकार देणाऱ्यांमध्ये बॅरी गिल्बर्ट हे मोठे नाव. ‘गिल्बर्ट सेल’ त्यांच्याच नावाचा. याच कंपनीच्या एडी८३१८ या चिपचा उतार दर डेसिबलला सुमारे −२४.५ मिलिव्होल्ट असतो. चिपागणिक हा उतार थोडा बदलतो आणि रेषा अक्षाला जिथे छेदते तो बिंदूही थोडा सरकतो. सरळ रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात. तिथे वीस बिंदू मोजत बसणारा कारखाना तीच माहिती पुन्हा पुन्हा विकत घेत असतो.

एक हिशेब पाहावा. बोर्डाला −१० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) शक्ती दिली आणि डिटेक्टरच्या व्होल्टेजचे अंकात रूपांतर करणाऱ्या एडीसीने ३०१ हा अंक दाखवला. −५० डीबीएमला ७०२ आला. चाळीस डेसिबलमध्ये ४०१ अंकांचा फरक, म्हणजे डेसिबलला साधारण दहा अंक. पुढे प्रत्यक्ष कामात ४५१ दिसला, की शक्ती −२५ डीबीएम आहे हे फर्मवेअर एका वजाबाकीने आणि एका भागाकाराने सांगते. या हिशेबात व्होल्ट कुठेच मोजावे लागले नाहीत. एडीसीच्या संदर्भ-व्होल्टेजची चूकही त्या दोन अंकांतच सामावली. वेगळा मल्टिमीटर, त्याची वायर, त्याचे वाचन, सारे टळले.

मग वेळ जातो कुठे? बराचसा थांबण्यात जातो. सिग्नल जनरेटरमधला यांत्रिक ॲटेन्युएटर पातळी बदलून स्थिर व्हायला दहा-वीस मिलिसेकंद घेतो आणि त्याचे रिले झिजतात. इलेक्ट्रॉनिक ॲटेन्युएटरला तेच काम मायक्रोसेकंदांत जमते. थर्मल सेन्सरचा पॉवर मीटर कमी शक्तीवर सरासरी काढत रेंगाळतो. म्हणून पॉवर मीटरने टेस्ट जिगच्या केबलांचा क्षय पाळीच्या सुरुवातीला नीट मोजून घ्यावा आणि नंतरच्या बोर्डांना जनरेटरच्या पातळीवर विसंबून तपासावे.

सर्वात महाग थांबा तापमानाचा. थर्मल चेंबरमध्ये ठेवलेला बोर्ड आतपर्यंत त्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. चांगल्या डिझाइनच्या चिपा मात्र उष्णतेबरोबर जवळपास सारख्याच वाटेने सरकतात. नमुन्याच्या बोर्डांवर ती वाट एकदा नीट अभ्यासली, तर दुरुस्तीचा एकच तक्ता सर्व बोर्डांत भरता येतो आणि लाइनवर खोलीच्या तापमानाला दोन बिंदू घेऊन भागते. वारंवारतेलाही हाच न्याय लागू पडतो.

मोबाइल हँडसेटच्या कारखान्यांनी आणखी एक पाऊल टाकले. जीएसएम ९०० च्या फोनमध्ये ३३ डीबीएमपासून ५ डीबीएमपर्यंत, २-२ डेसिबलने उतरणाऱ्या १५ पातळ्या असतात. पूर्वी संगणक प्रत्येक पातळीचा हुकूम द्यायचा, थांबायचा, वाचायचा, मग पुढचा हुकूम. पुढे फोन आणि टेस्टर या दोघांनाही क्रम आधीच पढवून ठेवण्याची पद्धत आली. जीएसएमची फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची. फ्रेमगणिक एक पातळी उतरली, तर पंधराही पातळ्या सुमारे ७० मिलिसेकंदांत मोजून होतात. अचूकता तीच राहते, फक्त मधला संवाद संपतो.

वेगाबरोबर जबाबदारीही वाढते. जिगचा कनेक्टर झिजला आणि दोन्ही बाजूंचा परावर्तन-गुणांक ०.२ झाला, तर निव्वळ जुळणीतल्या त्रुटीने सुमारे ±०.३५ डेसिबलचा फरक पडू शकतो. बिंदू दोनच असल्याने ही चूक खरी मानली जाऊन मेमरीत लिहिली जाते आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी शेकडो बोर्ड पॅक झालेले असतात. यासाठी गोल्डन बोर्ड, म्हणजे आधीच अचूक मोजून ठेवलेला संदर्भ-बोर्ड, दर पाळीला तपासायला हवा, प्रत्येक बोर्डावर मधला एक तिसरा बिंदू केवळ पडताळणीसाठी घ्यायला हवा आणि कारखान्याच्या पॉवर सेन्सरची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकापर्यंत किंवा तशाच मान्य मानकापर्यंत जुळलेली असायला हवी. या तीन गोष्टींना लागणारा वेळ वाचवू नये.

पवईत १९८४ पासून सूक्ष्मतरंगांवर काम करणारी ‘समीर’ संस्था आहे, आणि महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचे उत्पादन करणारे लहान-मोठे उद्योगही आहेत. संस्थेकडे मोजमापाची जाण आहे, तर उद्योगाला रोजच्या वेळापत्रकाचा ताण ठाऊक आहे. या परिषदेने दोघांना एका टेबलाशी बसवून टेस्ट जिगच्या तपासणीचा समान मसुदा तयार करावा: कनेक्टर किती जोडण्यांनंतर बदलायचा, गोल्डन बोर्डाची नोंद कशी ठेवायची, तिसऱ्या बिंदूवर किती फरक चालवून घ्यायचा. लाइनवर बसणाऱ्या तंत्रज्ञांना या चर्चेत पहिल्या दिवसापासून स्थान असावे, अशी आग्रहाची सूचना अध्यक्षपदावरून मांडून परिषदेच्या कामकाजाला सुरुवात होत आहे.