एकट्याने नदीकाठी

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. घरातल्यांची मात्र रविवारी. त्यामुळे पावसाळ्यात पाठीवर सॅक टाकून डोंगरात निघालेला इथला कामगार पुष्कळदा एकटाच असतो. हौस म्हणून नव्हे, सुट्ट्या जुळत नाहीत म्हणून.

त्याला भीमाशंकरचं रान जवळ पडतं. चाकण सोडलं की राजगुरुनगर, मग चासकमानच्या जलाशयाकडेने वाडा, आणि पुढे चढण. शेकरूचं हे जंगल 1985 साली अभयारण्य झालं. देवळाकडून गुप्त भीमेला जाणारी पायवाट उगमापाशीच भीमा नदीची सोबत धरते. हिरडा, जांभूळ, अंजनीची दाटी, शेवाळलेले कातळ आणि दहा पावलांपलीकडचं झाड गिळणारं धुकं. आपल्या पट्ट्यातल्या पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांचं पाणीही शेवटी या भीमेतच जातं.

एकट्याने जाऊ नये, असं सगळेच सांगतात. खरंच आहे, पाय घसरला तर हात द्यायला कोणी नसतं. पण चार माणसं आहेत म्हणून नदी सोडून देते, असंही नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार.

गर्दीत आपण पाण्याकडे बघत नाही, शेजारच्याकडे बघतो. तो उतरला, म्हणून आपणही उतरतो. एकट्याला मात्र पाणीच बघावं लागतं. ओढा गढूळ झाला, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, खळखळीची घरघर झाली, की समजावं, वर डोंगरात सर कोसळली आहे. आपल्या डोक्यावर थेंब नसला, तरी पाणी बघता बघता चढतं.

म्हणून वनखात्याची बंदी आहे का, ते आधी विचारावं. कुठल्या वाटेने जातो, कधी परततो, ते गावात सांगून ठेवावं. रानात रेंज नसते. मुक्काम गावातच करावा. खांडसहून भीमाशंकरला येणारा शिडीघाट पावसात एकट्याने चढू नये. आणि गावकरी म्हणाला, “आज नको,” तर वाद घालू नये. घोळक्यात माघार घ्यायची तर चारजणांची समजूत काढावी लागते. एकट्याने नुसतं वळायचं असतं.