ऑपरेशननंतर बाईचं ताट कोण वाढणार?

(डोंबिवली येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर दोघीतिघींचे मला फोन आले. एक म्हणाली, "वजन कमी करायची ऑपरेशनं हा काय आपला विषय आहे? पैसेवाल्यांची थेरं ती." वाक्य ओळखीचं वाटलं. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच जवळजवळ हेच बोलले होते आणि जिच्यासमोर बोलले तिला ते फार महागात पडलं. तिथूनच सुरुवात करते.

कल्याण पूर्वेची बाई. वय चाळिशीच्या आत, वजन एकशे अठरा किलो, मधुमेह, गुडघे धरलेले. मी ज्या सल्ला केंद्रावर बसते तिथे ती विचारायला आली होती, "ताई, डॉक्टर ऑपरेशन सुचवतायत. करू का?" मी तिला भाषण दिलं. बाईच्या शरीराकडे बघण्याची समाजाची नजर, बारीक असण्याची सक्ती, बाजार. सगळं खरंच होतं. पण तिने विचारलं होतं साखरेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. तिने मान डोलावली, चहा घेतला आणि गेली. परत आली नाही.

ऑपरेशन तिने केलं. अडीच महिन्यांनी तिची बहीण तिला हाताला धरून घेऊन आली. पायांना मुंग्या, चालताना तोल जातो, खाल्लेलं सगळं उलटून पडतं. आधी का आली नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही रागावाल असं वाटलं." एम.एस.डब्ल्यू. करून मी काय शिकले, असं त्या दिवशी मला वाटलं.

झालं होतं असं. या ऑपरेशनचा आता सगळ्यात जास्त केला जाणारा प्रकार म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, उरते केळ्याएवढी नळी. दुसरा प्रकार बायपास, त्यात छोटीशी पिशवी ठेवून आतडं वळवून जोडतात. दोन्हींत सुरुवातीचे साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही चार-सहा घास. रुग्णालयागणिक तक्ता थोडा बदलतो. हिला तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी पोळी वाढली. "पेज पिऊन कुणी जगतं का?" घरात सगळ्यांचं एकच ताट, बाईसाठी वेगळं कोण शिजवणार? शिजवणारीही तीच. पोळी अडकली, उलटी झाली. मग उलटीच्या भीतीने ती खाईनाशी झाली, आणि जे खाल्लं ते बाहेर.

घराजवळच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. आता हे नीट लक्षात ठेवा, कारण असल्या बायका आधी आपल्याकडेच येतील. ऑपरेशननंतर सारख्या उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व, थायमिन, दोन-तीन आठवड्यांत संपत येतं. त्याने नसांवर परिणाम होतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, स्मृतीही जाऊ शकते. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जाऊन प्रकृती आणखी बिघडू शकते. "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या" हे सांगणारं कुणीतरी बाईबरोबर हवं. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. उलट्या थांबल्या. पायांची बधिरता जायला मात्र कित्येक महिने लागले.

नियम तसे साधे आहेत. घास लहान, भरपूर चावायचा, जेवणाला वीस-तीस मिनिटं द्यायची. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एरवी दिवसभर घोट-घोट पाणी. आधी प्रथिनं, मग भाजी, भात-पोळी शेवटी. साखरेचं आणि गोड पेय टाळायचं, विशेषतः बायपासनंतर, कारण ते झपाट्याने आतड्यात उतरतं आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब होतात. पोट भरल्याची खूण मिळाली की थांबायचं, ताटात उरलं तरी.

आता हे नियम डोंबिवलीच्या एखाद्या घरात ठेवून बघा. पहाटे पाचला उठून दोन डबे, मुलांची शाळा, मग सातची लोकल. ही बाई वीस मिनिटं बसून नाश्ता करणार? ती उभ्याने चहात पोळीचा तुकडा बुडवते. रात्री सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात काय उरलं त्यावर तिचं जेवण. अन्न टाकायचं नाही हा संस्कार तर इतका मुरलेला, की मुलाच्या ताटात उरलेला भात तिच्याच पोटात जातो. थांबायची खूण कळली तरी तिला थांबायची परवानगी आहे का?

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्या बायका लोकलला निघताना पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला जागा नाही. स्वच्छ मुतारीची आपली मागणी जुनीच आहे. या ऑपरेशन झालेल्या बाईसाठी ती औषधाइतकी गरजेची आहे.

प्रथिनं दिवसाला निदान 60 ग्रॅम हवीत असं सांगतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत त्याहून फारसं जास्त नाही. म्हणजे चार घासांच्या पोटात 60 ग्रॅम बसवायचे तर प्रत्येक घास विचार करून घ्यायला हवा. रुग्णालयात पावडरचा डबा लिहून देतात. तो महिन्याभरात संपला की दुसरा येत नाही. म्हणून आमच्या गटात आम्ही घरातल्याच गोष्टी मोजायला घेतल्या: मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडं, चालत असेल त्यांना मासळी आणि भिजवून शिजवलेला सुका जवळा. यात एक भांडणही निघालं. एका घरात अंडी यायची ती मुलासाठी. आईला रोज दोन अंडी हवीत म्हटल्यावर नवरा म्हणाला, "आता तू मुलाच्या तोंडचं खाणार?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायका रक्तक्षयी निघाल्या आणि शंभरातल्या 24 जास्त वजनाच्या. दोन्ही एकाच बाईत असू शकतं हे आपल्या गळी उतरत नाही. जाड बाई म्हणजे खाऊन माजलेली, ही समजूत आपल्यातही आहे.

उपासाचं बोलायला मला जरा जपूनच बोलावं लागतं. कुणाच्या श्रद्धेला हात घालायचा नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आठवड्याचे दोन उपास म्हणजे दोन दिवस प्रथिनं नाहीत. आणि निर्जळी हरताळका या बाईने करू नये, एवढं मी सरळ सांगते. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी दही, दूध, शेंगदाण्याची पातळ आमटी यांवर भर द्यावा.

गोळ्या जन्मभर. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने, लोहाबरोबर चहा नाही. वर्षाला रक्ततपासणी. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनंतर ठरावीक अटींत ऑपरेशनचा खर्च मिळू शकतो: बीएमआय 40, किंवा गंभीर आजारासह 35, आणि डॉक्टरांचा सल्ला. पण पुढच्या गोळ्या सहसा घरखर्चातूनच येतात, आणि घरखर्चात कपात करायची तर बाई पहिल्यांदा स्वतःच्या गोळीची करते. तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागतात तेव्हा रडत येतात. ते बहुतेक वेळा परत येतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

व्यायामाबद्दल घरोघरी एकच वाक्य: "घरकाम करते की, तोच व्यायाम." घरकामाने बाई दमते, हे खरं. पण वजन झपाट्याने उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते टिकवायला चालणं हवं, शिवाय ताकदीचा व्यायाम हवा. जिमची गरज नाही. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या, खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड. जड उचलणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. चालायला ठाण्यात तलावपाळी आहे, उपवन आहे, कल्याणात काळा तलाव. पण तिथे पोचायला रिक्षाचे पैसे आणि घरातून अर्धा तास सुटका लागते. पदपथ फेरीवाल्यांनी आणि गाड्यांनी भरलेले, त्यात जाड बाई जोरात चालायला लागली की नाक्यावरची पोरं काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या तिघींनी ठरवून एकत्र चालायला सुरुवात केली. एकटीला जे बोलायचे ते तिघींना बोलत नाहीत. मैदानांवरचे दिवे संध्याकाळी लावा म्हणून पालिकेला निवेदन द्यायचं तर त्यात हेही कारण घाला.

मग ऑपरेशन करावं की नाही? जगभरात ही ऑपरेशनं करून घेणाऱ्या चौघांत तिघी बायका असतात, याचा अर्थ आजार बायकांनाच जास्त असा एवढाच नाही. लग्नासाठी, टोमण्यांसाठी करणाऱ्याही भेटतात. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मुंबईत आणलं तेव्हा क्रेनने उचलतानाची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. मार्चमध्ये ऑपरेशन, मेमध्ये अबू धाबीला रवानगी, सप्टेंबरमध्ये मृत्यू. रोज किलोंचे आकडे छापून येत होते. तिला स्वतःला काय हवं होतं हे मला फारसं कुठे वाचल्याचं आठवत नाही. तरीही मधुमेहाने पाय जायची वेळ आलेल्या बाईला "समाजाची नजर बदलू या" म्हणून परत पाठवायचं नाही, हे मी शिकले. निर्णय तिचा. पुढची दोन वर्षं तिच्याबरोबर राहणं मात्र आपण करू शकतो.

एक शेवटचं, कारण याच महिन्यात अशी एक बाई आली. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने दिवस राहू देऊ नयेत, आईचंच पोषण पुरत नसतं. बायपास झालेल्या बाईला गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडतीलच असं नाही. तांबीचा पर्याय डॉक्टरांना विचारायला सांगा. या बाईच्या घरी सासूबाई म्हणत होत्या, "आता बारीक झालीस, आता लवकर होऊ दे." नवऱ्याला घेऊन ये म्हटलं आहे. येत्या शनिवारी दोघं येणार आहेत.