मुका झालेला पाय



परिषदेच्या अध्यक्ष महोदया, लांबून आलेले डॉक्टर, परिचारिका, पादत्राणं बनवणारे कारागीर आणि मधुमेहासह जगणारे माझे बंधुभगिनी, स्वागत समितीच्या वतीने भेडाघाटात आपलं मनापासून स्वागत.

मधुमेहाने नसांना होणाऱ्या इजेवरची परिषद जबलपूर शहरात न घेता इथे का, असं काहींनी विचारलं. आपण धुवाँधार धबधबा पाहाल, नावेतून संगमरवरी कड्यांमधून जाल, पायऱ्या चढून चौसष्ट योगिनी मंदिरात जाल. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पायही पाहा. मंदिराशी चपला निघतात आणि दुपारी दगड तापलेला असतो. नर्मदा परिक्रमेला निघालेले याच काठाने जातात. त्यांत महाराष्ट्रातली मंडळी पुष्कळ, बरीचशी निवृत्तीनंतर निघालेली, काही तर अनवाणी. मधुमेह असण्याची शक्यता जास्त, नेमकं त्याच वयात. चटका ज्याला कळतो तो पाय उचलतो. ज्याला कळत नाही तो चालत राहतो, आणि तळव्याला फोड आल्याचं संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी दिसतं.

वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी हरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. कुणी म्हणतं मुंग्या येतात, कुणी म्हणतं रात्री तळपायांची आग होते, कुणी म्हणतं कापसावर चालल्यासारखं वाटतं. चप्पल पायातून कधी निसटली ते कळलं नाही, असंही रुग्ण सांगतात. मला जास्त भीती वाटते ती काहीच तक्रार नसलेल्यांची. हा विकार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कसलाही त्रास जाणवत नाही.

संवेदना गेलेल्या पायाचं शास्त्र आपल्याला कुष्ठरोगाने शिकवलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप सडून गळत नाहीत. वेदना कळत नसल्याने रोजच्या जखमा दुर्लक्षित राहतात आणि त्यातून ती झिजत जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली. कुष्ठरुग्णांसाठीची मऊ रबरी तळव्याची चप्पल आज मधुमेहींनाही उपयोगी पडते. बाबा आमट्यांचं आनंदवन ज्यांनी पाहिलं आहे, त्या मराठी मंडळींना असे पाय जपणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या किती जणांचे मोजे डॉक्टरांनी कधी उतरवायला सांगितले असतील? आपण रक्तदाब घेतो, साखरेचा आकडा बघतो, गोळी बदलतो, आणि पाय टेबलाखालीच राहतात. याचं मला खरोखर दुःख होतं. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, एवढ्यावर ही तपासणी काही मिनिटांत होते. टाइप २ मधुमेहात ती निदानाच्या दिवसापासून दरवर्षी व्हायला हवी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं, त्यातही शाकाहारी रुग्णांचं, बी-१२ तपासायला विसरू नका. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात, आणि ती भरून काढता येते.

उद्या सकाळी घाटावर आपण पायांची तपासणी ठेवली आहे. परिक्रमावासी आले तर त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता बोला, पण स्पष्ट बोला: बधिर पायाने अनवाणी चालू नका, बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघा, गरम पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, रोज रात्री तळवे कुणाला तरी दाखवा. पादत्राण घालून केलेली परिक्रमा मला तरी कुठे उणी वाटत नाही.

राहण्या-जेवण्यात काही कमी पडलं तर समितीच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी मी विनंती करतो.