पालखेड : वेगाच्या पलीकडचे युद्धशास्त्र



 परिषदेच्या वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आला आहे. त्यामुळे हा वेळ एकाच मोहिमेसाठी राखून ठेवावा असे वाटते. ती मोहीम पालखेडची, १७२७-२८ सालची.

पालखेडचा विषय निघाला की आपल्याकडे बाजीरावांच्या घोडदौडीचे वर्णन सुरू होते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. नुसते वेगाने धावणारे सैन्य दमते, मुलूख लुटते आणि परत येते. सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने त्या सहा महिन्यांत जे केले, ते समजून घ्यायला युद्धशास्त्राची जुनी, कसाला लागलेली तत्त्वे हाताशी घ्यावी लागतात.

पहिले तत्त्व ध्येयाचे. सय्यद बंधूंशी झालेल्या करारातून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क शाहू महाराजांना मिळाला होता. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझखानाला मारून निजाम दख्खनचा धनी झाला. पुढे त्याने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा दावा पुढे केला आणि खरा हक्कदार कोण ते आधी ठरवा, असे म्हणत वसुली अडवली. बाजीरावांना हवी होती ती या हक्कांची मान्यता आणि संभाजीराजांना मिळणारा निजामाचा आधार तुटणे. औरंगाबाद जिंकून ठेवणे किंवा निजामाची फौज कापून काढणे हा हेतू नव्हता. मोहिमेतला प्रत्येक निर्णय या हेतूशी ताडून पाहिला की सुसंगत दिसतो.

दुसरे तत्त्व पुढाकाराचे. निजामाचे बळ तोफखान्यात होते, आणि तोफखान्यासमोर उभे राहायचे नाही हे बाजीरावांनी आधीच ठरवलेले दिसते. त्यांनी जालना-सिंदखेडचा मुलूख मारला, वऱ्हाडात वाशीम-माहूरकडे मुसंडी मारली आणि तिथून वळून खानदेशात उतरून बऱ्हाणपूरला धाक घातला. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला, तोवर मराठी फौज तापी ओलांडून गुजरातेत शिरली होती. शत्रूला ज्याचे रक्षण करावेच लागेल अशा ठिकाणावर चाल करा, म्हणजे तो आपली जागा सोडतो, हे सून त्झूचे सूत्र. त्याच्या ग्रंथाचे पहिले युरोपीय भाषांतर १७७२ चे आणि क्लाउझेविट्झचा ग्रंथ १८३२ चा. बाजीरावांनी यातले काही वाचणे शक्यच नव्हते. ही तत्त्वे रणांगणावरच्या माणसांच्या अनुभवातून निघाली. ग्रंथांनी ती नंतर नोंदवली.

तिसरे तत्त्व बळाच्या काटकसरीचे, आणि इथे मोहिमेतला सर्वांत मोठा धोका आहे. बाजीराव गुजरातेत असताना निजाम पुण्यावर चालून आला. शाहू महाराजांना पुरंदरचा आसरा घ्यावा लागला, चिमाजीअप्पा त्यांच्याजवळ राहिले आणि पुणे निजामाच्या हाती गेले. सुरक्षिततेच्या तत्त्वाने पाहिले तर ही मोठी चूक ठरेल. पण बाजीराव पुणे सोडवायला आले असते, तर लढाई निजामाच्या मनासारख्या जागी आणि त्याच्या तोफांच्या टप्प्यात झाली असती. पुण्यासाठी बळ न खर्चता ते थेट औरंगाबादेवर, त्याच्या राजधानीवर निघाले. राजधानी धोक्यात आल्यावर निजामाला पुणे सोडावे लागले.

आता नकाशा जवळून पाहायला हवा. औरंगाबाद गाठायचे तर निजामाला गोदावरी ओलांडणे भाग होते. घाईत त्याने जड तोफा मागे ठेवल्या. ज्या बळावर त्याचा सगळा भरवसा होता, ते बळ असे वाटेतच सुटले. नदी मागे पडली आणि वैजापूरच्या पूर्वेला पालखेडच्या परिसरात मराठी पथकांनी त्याला गाठले. दिवस फेब्रुवारी अखेरचे. नदीकाठ सुटला की इतक्या मोठ्या फौजेला, हत्तीघोड्यांना आणि बाजारबुणग्यांना पुरेल इतके पाणी मिळणे कठीण. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार बाजीरावांच्या फौजेत होते. वाटा रोखल्या गेल्या, धान्य आणि वैरण बंद झाली, पाण्यापर्यंत पोचणे अवघड झाले. मोठी हातघाईची लढाई झालीच नाही. निजामाला तहाची बोलणी करावी लागली.

६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. शाहू महाराजांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य झाले आणि संभाजीराजांची बाजू निजामाने सोडली. मोहिमेच्या आरंभी जे हवे होते तेच हाती आले. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धेतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरव केला आहे, हे इथे अनेकांना ठाऊक आहे. मात्र परक्या सेनापतीची शाबासकी उद्धृत करून आपले काम संपत नाही.

पालखेड हा नशिबाचा भाग होता का? १७३७ च्या डिसेंबरात भोपाळला निजाम पुन्हा कोंडला गेला. या वेळी तोफखाना त्याच्याजवळ होता, तरी रसद तुटल्यावर तोफांनी पोट भरले नाही. जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईला त्याने पुन्हा तह केला. दहा वर्षांच्या अंतराने तीच पद्धत यशस्वी होते, तेव्हा तिला योगायोग म्हणता येत नाही.

हीच तत्त्वे उलटली की काय होते, ते पानिपताने दाखवले. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता अडवला. बिनलढाऊ माणसांचे ओझे घेऊन सदाशिवरावभाऊ पानिपताच्या छावणीत अडकले. डिसेंबरात रसदेचे काम पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जी फौज लढायला निघाली, ती उपाशी होती. तिच्या शौर्याबद्दल शंका घ्यायला तिळमात्र जागा नाही. पण नदी, वाट आणि धान्य या तिन्हींवर शत्रूचा ताबा असताना शौर्यावर किती भार टाकायचा, याला मर्यादा असते. पालखेडला जी कोंडी निजामाची झाली, ती पानिपताला आपली झाली.

म्हणून या व्यासपीठावरून एक विनंती आहे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करून आपल्यापुढे ठेवले. ते वाचताना विशेषणांपेक्षा तारखा, मुक्काम, नद्यांचे उतार आणि दाणावैरणीचे उल्लेख टिपावेत. नाशिक जिल्ह्यातल्या पालखेड धरणामुळे अनेक विद्यार्थी लढाईची जागाच चुकीची समजतात. हा गोंधळ पाठ्यपुस्तकातल्या एका नेमक्या नकाशाने दूर होईल. वैजापूर, गंगापूर आणि शेवगाव परिसरातल्या महाविद्यालयांनी फेब्रुवारी महिन्यात तो मुलूख पायी पाहावा, ओढे, जुन्या विहिरी आणि गोदावरीचे उतार नोंदवावेत आणि मोहिमेचा मुक्कामवार नकाशा तयार करावा. पुढच्या अधिवेशनात तो नकाशा परिषदेपुढे मांडला जावा, अशी आग्रहाची विनंती करून हे भाषण संपवतो.